स्तुती छापलीत, गाणं राहून गेलं

नागपुरातल्या दैनिकांच्या सांस्कृतिक पानांचे संपादक आणि कार्यक्रमांचं वार्तांकन करणारे पत्रकार यांना,

सप्रेम नमस्कार.

‘सुरेल आवाजाने रसिकांना मंत्रमुग्ध केले.’ ‘तरुणाईने ठेका धरला.’ ‘टाळ्यांच्या कडकडाटात उत्स्फूर्त दाद मिळाली.’ स्वतः गाणी लिहून, स्वतः चाली बांधून, गिटार घेऊन गाणाऱ्या कुणाच्याही कार्यक्रमाची बातमी काढा. नाव झाका. ती बातमी दुसऱ्या कुणाच्याही कार्यक्रमाला तशीच्या तशी लागू पडते. गाणं कशाबद्दल होतं, शब्द कोणत्या बोलीत होते, चाल कुठून आली, सोबत कोण वाजवत होतं, यातलं काहीही तिच्यात नसतं. आता तर काही पानांनी समीक्षेची जागाच काढून टाकली आहे. तिथे आयोजकांचं प्रसिद्धिपत्रक आणि दीपप्रज्वलनाचा फोटो येतो. हे आम्हाला मुकाट्याने मान्य नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांच्या देखत.

आम्ही या गाण्यांच्या आजूबाजूची माणसं आहोत. कुणी ध्वनियंत्रणा सांभाळतं, कुणी खंजिरी-ढोलकीची साथ करतं, कुणी रेकॉर्डिंग करतं, कुणी तिकीट काढून ऐकतं. तुम्ही छापलेल्या चार ओळींवर आमचं काय अडतं, ते आधी सांगतो. या गायकांच्या मागे ना कंपनी असते, ना जाहिरातीचा पैसा. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत निदान १,००० वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतला एक पैसाही मिळत नाही. वऱ्हाडीतल्या किंवा पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीतल्या गाण्याला हा हजाराचा उंबरठा ओलांडायचा, तर आधी ते कुणाला तरी ठाऊक व्हावं लागतं. बाहेरगावच्या महोत्सवाला अर्ज करताना कात्रणं जोडावी लागतात. ‘मंत्रमुग्ध केले’ वाचून निवड करणाऱ्या माणसाला काय कळणार? गायकाचा स्वभाव, त्याच्या गाण्याची जात, त्याची ताकद, यातलं काहीच नाही. तुमची स्तुती त्याच्या कामी येत नाही, हे आमचं पहिलं दुःख.

आणि तुम्हाला लिहिता येत नाही, असं तर मुळीच नाही. त्याच पानावर शास्त्रीय मैफलीचा वृत्तांत येतो तेव्हा राग कोणता, बंदिश कोणत्या तालात, विलंबितानंतर काय घेतलं, तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, सगळं जागच्या जागी असतं. गझलेच्या बाबतीत हे शहर आणखी काटेकोर. सुरेश भटांनी नव्या लिहिणाऱ्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. वृत्त, काफिया, रदीफ, अलामत या गझलेच्या नियमांत हयगय चालणार नाही, हे बजावून ठेवलं. आजही इथल्या मुशायऱ्यात एक मात्रा घसरली की मागच्या रांगेतही चुळबुळ होते. भटांच्याच नावाच्या रेशीमबागेतल्या सभागृहात कुणी गिटार घेऊन उभं राहिलं की मात्र लेखणी सैल पडते. असं का?

कदाचित हा प्रकार बाहेरचा वाटतो म्हणून. पण स्वतः लिहावं, स्वतः चाल लावावी आणि स्वतःच गावं, हे शाहीर पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. वामनदादा कर्डकांनी हेच केलं. तुकडोजी महाराजांनी हातात खंजिरी घेऊन आपलीच भजनं गावोगाव गायली. आपल्या विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्याचा शाहीर डफ-तुणतुण्यावर हेच करतो. फोक-रॉक म्हणजे त्या अंगणात गिटार, बेस आणि ड्रम आले इतकंच. तुणतुण्याची एकच तार जे काम करते तेच काम गिटारची मोकळी सोडलेली खर्जाची तार करते. ऐकलं तर लगेच कळतं.

आता तक्रारी.

गाणं कुणाचं, हे तुम्ही लिहीत नाही. दीड तासात बारा गाणी स्वतःची आणि शेवटी आग्रहाखातर एक चित्रपटगीत झालं, तर मथळा त्या चित्रपटगीताचा होतो. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येऊ नये म्हणून २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त करावा लागला, इतकी ही नावं मोलाची आहेत. खंजिरीवाल्याचं नाव तर कधीच नसतं. फोटोखाली ‘सहकारी कलावंत’ एवढंच. दहा वर्षं लिहिणाऱ्याला ‘नवोदित’ आणि चार राज्यांत गाऊन आलेल्याला ‘स्थानिक’ म्हणणं हेही थांबायला हवं.

बोली दुरुस्त करून छापता. हा अपराध आम्हाला सगळ्यांत जास्त लागतो. वऱ्हाडीत ‘तुले’ म्हणतात. कवीने ‘तुले’ला ‘फुले’चं यमक जुळवलेलं असतं. तुम्ही ‘तुला’ छापता आणि ओळ लंगडी होते. वाचणाऱ्याला वाटतं, याला यमकही जमत नाही. ‘डोया’चा ‘डोळा’ करता. ‘ळ’च्या जागी ‘य’ येणं ही बोलीची रीत आहे, मुद्रणदोष नाही. शंका आली तर गायकाला एक फोन करा. दोन मिनिटांचं काम आहे.

पूर्ण ऐकत नाही. हे आम्ही रागाने लिहीत नाही, तुमची अडचण ठाऊक आहे. उद्घाटन, सत्कार, मनोगतं यांत तास-दीड तास जातो. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि तुमचं पानही वेळेत सुटायचं असतं. तुम्ही दुसऱ्या गाण्यानंतर उठता. पण गाणी लावण्याची एक रीत असते. पहिली दोन ओळखीची आणि उडत्या चालीची, म्हणजे लोक बसतात आणि ध्वनितंत्रज्ञाला आवाज जुळवायला वेळ मिळतो. नवं, अवघड, हळू चालीचं गाणं चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतं. ज्या गाण्यासाठी तो माणूस वर्षभर खपला ते नेमकं तुमच्या माघारी होतं.

बसता तेही चुकीच्या जागी. पहिल्या रांगेतला सोफा हा मानाचा असतो, ऐकण्याचा नसतो. ढोबळ, खालचा आवाज देणारे बॉक्स मंचासमोर जमिनीवर, तुमच्या पायांशी असतात आणि शब्द पोहोचवणारे वरचे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे बघत असतात. शिवाय गायकाला त्याचाच आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेल्या मॉनिटरचा गोंगाटही पुढे सांडतो. त्या सोफ्यावर ढोल अंगावर येणार आणि शब्द गढूळ होणार. मग ‘वाद्यांच्या गजरात शब्द हरवले’ असं छापून येतं. सभागृहात साधारण दोन-तृतीयांश मागे, मिक्सरच्या शेजारी उभं राहून दोन गाणी ऐका. आवाज जुळवणारा माणूस जे ऐकतो तेच तुम्हाला ऐकू येईल.

ध्वनीचा दोष गायकाच्या माथी मारला जातो, त्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण हे आमचं रोजचं काम आहे. लाकडी गिटारच्या घोडीखाली पिझो पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारी पट्टी, असते. तिला सुमारे १ मेगाओहमचा इनपुट लागतो, म्हणजे मध्ये डीआय बॉक्स, गिटारचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी, हवी. ती न लावता नुसती वायर मिक्सरमध्ये खोचली की खालचे सूर गळून पडतात आणि गिटार पत्र्यासारखी वाजते. प्रीअ‍ॅम्प असलेल्या गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते. वायर खोचलेली राहिली की ती चालूच राहते, आणि उतरलेल्या बॅटरीवर आवाज फाटतो. मॉनिटर जास्त उघडला की गिटारची पेटी सुमारे १०० हर्ट्झच्या आसपास घुमायला लागते. त्यावर उपाय म्हणजे गिटारच्या तोंडावर रबरी झाकण लावणं आणि मिक्सरवर नेमका तेवढ्याच कंपनांचा आवाज कमी करणं. दहा मिनिटं मिळाली तर होतं, पण ती मिळत नाहीत. सर्वांत जास्त नुकसान करतो तो इको. ऑर्केस्ट्राच्या सवयीने आवाजावर तो टाकला जातो, आणि च, त, स यांसारख्या अक्षरांच्या कडा मागच्या अक्षराच्या शेपटीत बुडतात. ज्या गाण्याचा सगळा जीव शब्दांत आहे ते तिथेच संपतं. शब्द कळले नाहीत असं जरूर लिहा. पण कशामुळे, तेही मिक्सरपाशी विचारून लिहा.

आपल्या हवेचाही विचार करा. मे महिन्यात ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, गिटारची वरची फळी खाली बसते आणि तारा फ्रेटला, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांना, घासून झणझणतात. पावसाळ्यात उलट, फळी फुगते, तारा उंच होतात, बोटं दमतात. खंजिरीचं कातडं उन्हाळ्यात ताणून सूर चढतो आणि दमट हवेत सैल पडतं, मग ते शेकावं लागतं. मंचावरच्या दिव्यांच्या धगीने लोखंडी तारा उतरतात. दोन गाण्यांमध्ये सूर लावायला गेलेली दोन मिनिटं म्हणजे ‘कार्यक्रम रेंगाळला’ नव्हे.

आणि शेवटची तक्रार, मापाची. तान नाही, हरकत नाही, आवाज तीन सप्तकांत फिरत नाही, म्हणून गाणं ‘साधं’ ठरवलं जातं. भुलाबाईची गाणी चार-पाच स्वरांतच फिरतात. ती महिनाभर रोज संध्याकाळी म्हणायची असतात, सगळ्या मुलींना जमायला हवीत, म्हणून ती तशी आहेत. त्या घडणीवर बांधलेलं गाणं ख्यालाच्या फूटपट्टीने मोजलं की उणंच भरणार.

मग मोजायचं कशाने? मेहनत घ्यायची तयारी असेल त्यांच्यासाठी काही जागा दाखवतो.

शब्दांपासून सुरुवात करा. मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे. नवे गायक हा साचा बरेचदा घेतात. चालीत चारही चरणांना सारखाच वेळ दिला, तर शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड असल्याने त्याच्या मागे मोकळी जागा उरते. कच्चा लिहिणारा तिथे ‘रे’, ‘हो’ भरतो किंवा शेवटचं अक्षर उगाच ताणतो. पक्का लिहिणारा ती जागा तशीच सोडतो आणि तिथे गिटार उत्तर देते. ते उत्तर दर कडव्याला तेच आहे की अर्थाबरोबर बदलतं? एवढं एक जरी टिपलंत, तरी ती समीक्षा झाली. तसंच ऱ्हस्व-दीर्घ. गिटारच्या जोरदार ठोक्यावर ‘नदी’मधला ‘न’ आला आणि चालीने तो लांबवला, तर ऐकणाऱ्याला ‘नादी’ ऐकू येतं. लोकगीतात ओढाताण चालते, पण अर्थ बदलला तर चुकलं. ही चूक आमच्या आवडत्या गायकांकडूनही होते आणि ती कुणीही छापून दाखवत नाही.

मग गिटार कशी लावली आहे ते विचारा. नेहमीच्या पद्धतीत मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) धरली की शुद्ध गंधार त्यात पक्का बसलेला असतो. लोकचालीत गंधार कधी कोमल, कधी शुद्ध, कधी दोहोंच्या मध्येच रेंगाळणारा. मग गळा एक म्हणतो, गिटार दुसरंच आणि कानाला खुपतं. म्हणून कुणी डी-ए-डी-जी-ए-डी अशा तारा लावतं. डी हा सा धरला तर हे झालं सा-प-सा-म-प-सा. यात गंधार नाहीच. गळ्याला मोकळीक मिळते आणि तानपुऱ्यासारखा आधारही राहतो. गायकाने असा विचार केला असेल तर ती त्याची बुद्धी आहे, तिचं नाव घेऊन कौतुक करा. उलट, सुंदर लोकचाल तीन ठरलेल्या कॉर्डमध्ये कोंबली असेल तर तेही लिहा.

तिसरी जागा ठेक्याची. भजनाच्या ठेक्याच्या ८ मात्रा रॉकच्या चार ठोक्यांच्या घरात नेमक्या मावतात, म्हणून हा मेळ सोपा वाटतो. पण रॉकमध्ये स्नेअर या कडक वाजणाऱ्या ड्रमचं वजन दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतं, आणि खंजिरीचं वजन तिथेच पडत नाही. तिचा झोल, म्हणजे झुलण्याची लय, वेगळा असतो. ड्रमरने डोळे मिटून सरळ बडवलं की खंजिरीचा झोल मरतो आणि ती नुसता छुमछुम आवाज करते. चांगल्या संचात ड्रमर स्नेअर हलका ठेवतो किंवा काठावर काडी वाजवतो. ढोलकी असेल तर आणखी एक व्यवधान. तिची शाईची बाजू गायकाच्या सुरात मिळवलेली असते. मध्येच कॅपो (गिटारच्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) सरकवून सूर बदलला की ढोलकी बेसूर होते. कार्यक्रमात गाण्यांचा क्रम सुरांच्या हिशेबाने लावलाय की नाही, हे त्यावरून कळतं.

रेकॉर्ड झालेल्या गाण्याबद्दल लिहायचं असेल तर फोनच्या स्पीकरवर ऐकून लिहू नका. तिथे बेस आणि ढोलकीची धूम जवळजवळ गायब होते आणि गाणं ‘पातळ’ वाटतं. साधा हेडफोन लावा. इथली बहुतेक रेकॉर्डिंग घरच्या खोलीत होतात, कूलर आणि पंखा बंद करून, मध्यरात्रीनंतर रस्ता शांत झाल्यावर. कूलरची घरघर नंतर सॉफ्टवेअरने काढता येते, पण तिच्याबरोबर आवाजातला श्वासही खरवडला जातो. ज्यांनी उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून तो श्वास जपला त्यांच्या गाण्यात तो ऐकू येतो.

एक जुनं उदाहरण. २९ सप्टेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये रॉबर्ट शेल्टन या समीक्षकाने बॉब डिलनवर लिहिलं. डिलन तेव्हा २० वर्षांचा, एकही अल्बम नाही, आणि त्या क्लबातल्या कार्यक्रमातलं मुख्य आकर्षणही दुसराच संच. शेल्टनने त्याला कुणाची नवी आवृत्ती ठरवलं नाही. हा आवाज रूढ अर्थाने गोड नाही, हे त्याने लिहिलं. तो खरखरीतपणा जाणूनबुजून राखला आहे, हेही ओळखलं. शब्द कसे ताणले जातात ते सांगितलं, आणि नाट्य कुठे अतिरेकाकडे झुकतं तेही लपवलं नाही. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीने डिलनशी करार केला आणि १९६२ साली पहिला अल्बम आला. दोष दाखवणाऱ्या त्या लेखाने डिलनचं काही बिघडलं नाही. म्हणून ‘नागपूरचा अमुक’, ‘विदर्भाचा तमुक’ अशा पदव्या कृपा करून बंद करा. गायक कुणासारखा आहे यापेक्षा तो काय करतोय ते लिहा.

आमच्या मागण्या सरळ आहेत. आठवड्यातून एकदा, ४०० शब्दांची का होईना, समीक्षेची जागा परत सुरू करा, आणि प्रसिद्धिपत्रक छापलंत तर ते प्रसिद्धिपत्रक आहे हे वर लिहा. प्रत्येक वृत्तांतात गीतकार, संगीतकार आणि सगळ्या साथीदारांची नावं द्या. कोणती गाणी स्वतःची आणि कोणती दुसऱ्यांची, हे वेगळं सांगा. निदान एका गाण्याच्या चार ओळी गायकाच्या परवानगीने त्याच्या बोलीत, अक्षरही न बदलता छापा. कार्यक्रम अर्धा ऐकला असेल तर तसं नमूद करा. ध्वनी वाईट असेल तर त्याची जबाबदारी कुणाची, ते विचारून लिहा; आमची असेल तर आमची म्हणून लिहा. आणि गाणं पडलं असेल तर पडलं म्हणा. कुठल्या ओळीत, कुठल्या जागी, ते मात्र दाखवा.

आमच्या बाजूनेही काही देणं लागतं. आमच्यापैकी कुणाचाही सहभाग असलेल्या कार्यक्रमाच्या ८ दिवस आधी गाण्यांचा कागद तुमच्याकडे येईल. त्यावर पूर्ण शब्द, बोलीतल्या अवघड शब्दांचे अर्थ, गिटारच्या तारा कोणत्या सुरांत लावल्या, कॅपो कोणत्या घरात, ठेका कोणता आणि सगळी नावं असतील. मिक्सरशेजारी तुमच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवू. साउंड चेकला यायचं असेल तर मंच तुम्हाला खुला आहे. गायकाला, वादकांना, ध्वनितंत्रज्ञाला हवे ते प्रश्न विचारा. बदल्यात चांगलंच लिहा, अशी अट नाही.

हिवाळ्यातले कार्यक्रम सुरू होण्याआधी या मागण्यांवर तुमचं उत्तर हवं आहे. होकार असो वा नकार, तो तुमच्या पानावर छापा. फोनवर किंवा खासगीत नको.

आपले,
नागपुरातील काही वादक, ध्वनितंत्रज्ञ, रेकॉर्डिंग करणारे आणि श्रोते